वसंताचे दफ्तर

वसंत आला की नाही, हे कवींनी ठरवावे, पंचांगकर्त्यांनी ठरवावे, फार तर वेधशाळेने ठरवावे, अशी सर्व देशांची सामान्य वहिवाट आहे. परंतु स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात वसलेल्या जिनिव्हा या चिमुकल्या प्रजासत्ताकात हे काम दोनशे वर्षांहून अधिक काळ एका सरकारी हुद्देदाराकडे आहे. ‘सोतिए’ हे त्या हुद्द्याचे नाव. पंधराव्या शतकापासून चालत आलेला हा हुद्दा आज तेथील विधिमंडळाच्या चिटणिसाकडे असून, सभागृहाचे कामकाज, ठरावांचे मसुदे, पाहुण्यांचा मानमरातब असे नाना व्याप सांभाळून त्याला आणखी एक कामगिरी इमानेइतबारे बजावावी लागते: हिवाळा सरू लागला की कचेरीजवळच्या एका विवक्षित वृक्षावर नजर ठेवायची, त्याचे पहिले पान उलगडलेले दिसले की ती तारीख दफ्तरी दाखल करायची आणि वसंतागमनाचा जाहीरनामा काढायचा. मग वर्तमानपत्रे ती बातमी छापतात, आणि अंगावरचा जाड कोट न उतरवता का होईना, लोक वसंत आला असे मानू लागतात.

आमच्याकडे महसूल खात्याने पावसाच्या नोंदी ठेवल्या, पिकांची आणेवारी ठरवली, बांधावरच्या झाडांवरून पिढ्यान् पिढ्या दिवाणी दावे चालवले. परंतु गावच्या पिंपळाला पालवी कोणत्या तारखेस फुटली, हे एखाद्या मामलेदाराने तलाठ्यास विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे या हुद्द्याची हकीकत वाचनात आली तेव्हापासून तो वृक्ष एकदा प्रत्यक्ष पाहावा अशी इच्छा मनात घर करून होती. त्यातून निफाड तालुक्यात आमच्या घरची द्राक्षबाग; आणि द्राक्षबागाइताच्या घरात वाढलेल्या माणसाला वेलीचे डोळे फुटण्याच्या दिवसांची जी धास्ती आणि जी उत्कंठा लहानपणापासून जडलेली असते, ती वय झाले तरी सुटत नाही. भाची नोकरीनिमित्त जिनिव्हात राहते. ‘मामा, या वर्षी काही कारण सांगू नका,’ असा तिने तगादा लावला, आणि मार्चच्या प्रारंभी, म्हणजे घरी द्राक्षांची तोडणी ऐन भरात असताना, मी मंडळींचा रोष पत्करून विमानात बसलो.

जुन्या जिनिव्हाच्या टेकडीवर, नगरभवनाच्या पाठीशी ‘ला त्रेय’ नावाचा एक उंच, तटबंदीवजा विहारमार्ग आहे. त्याच्या कडेने सुमारे १२० मीटर लांबीचे एक लाकडी बाक धावत गेले असून जगातले सर्वांत लांब लाकडी बाक ते हेच, असे नगरवासी मोठ्या निश्चयाने सांगतात. समोर सालेव्ह पर्वताचा उभा कडा. तो वास्तविक फ्रान्सच्या मुलखात आहे, पण दिसण्यापुरता जिनिव्हाचाच. वृक्ष येथे रांगेने लावलेले आहेत, आणि त्यांतला सरकारी वृक्ष निराळा म्हणून ओळखता यावा असे काहीही त्याच्या ठायी नाही. ‘हाच का तो?’ असे मी जरा खट्टू होऊन विचारले, तेव्हा भाची म्हणाली, ‘हाच. निराश होऊ नका मामा, इथली सरकारी माणसंसुद्धा अशीच साधी दिसतात.’

हा वृक्ष हॉर्स-चेस्टनटचा. मूळचा तो बाल्कन प्रदेशातला. त्याचाच एक भाऊबंद आपल्या हिमालयात वाढतो आणि कुमाऊँकडे त्याला पांगर म्हणतात, मात्र आपल्या लाल फुलांच्या पांगाऱ्याशी त्याचे काही नाते नाही. याची कळी पाहण्याजोगी असते. अंगठ्याच्या पेराएवढी जाड, तपकिरी, तकतकीत, आणि बाहेरून अशा एका चिकट रसाने माखलेली की बोट लावले तर ते सुटताना जाणवावे. एकावर एक घट्ट बसलेल्या खवल्यांच्या आत पुढल्या उन्हाळ्याची सारी डहाळी, पाने आणि पुष्कळदा मोहोरदेखील, गेल्या वर्षीच तयार होऊन मिटून बसलेला असतो. मी पाहिले त्या दिवशी अधिकृत वृक्षाच्या कळ्या फुगल्या होत्या, खवले थोडे विलग होऊन त्यांच्या फटींतून फिकट हिरवी कड दिसू लागली होती. आणि दोनच झाडे पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या एका खालच्या फांदीवर, खवले मागे सारून एक पान बाहेर आलेही होते. पाचसात दले, सगळी सुरकुतलेली, खाली झुकलेली, पांढुरक्या लवेने झाकलेली. परंतु ते झाड बिनसरकारी. त्याच्या पानाने वसंत येत नाही. चारपाच दिवसांनी अधिकृत वृक्षाने पान दाखवले आणि मगच कायदेशीर वसंत सुरू झाला. या विलंबाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

या नोंदींचा आरंभ एका हौशी गृहस्थाने केला. मार्क-लुई रिगो नावाच्या जिनिव्हाकराने १८०८ पासून या झाडाची पाने फुटण्याची तारीख टिपून ठेवावयास सुरुवात केली, आणि १८१८ पासून ते काम सरकारी झाले. झाडे मर्त्य असल्यामुळे मान एका वृक्षाकडून दुसऱ्याकडे गेला; अगदी अलीकडे, २०१५ साली, अधिकृत वृक्ष वाळून गेला तेव्हा दुसऱ्याला त्याच्या जागी नेमण्यात आले. हुद्देदार बदलले, राज्ययंत्रणा बदलली, नेपोलियनच्या अमलातून सुटून जिनिव्हा १८१५ मध्ये स्विस संघात सामील झाले, दोन महायुद्धे सीमेपलीकडून गर्जून गेली, आणि या सर्व काळात दर वर्षी एक तारीख मुकाट्याने वहीत चढत राहिली. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या यांना इतिहास म्हणण्याची आपल्याला सवय आहे. मला तर ही एकाच प्रश्नाची दोन शतके दिलेली उत्तरे अधिक विश्वसनीय इतिहास वाटतात, कारण तारीख पुढेमागे लिहून कोणाचाच काही लाभ होण्यासारखा नव्हता.

ती उत्तरे मात्र सरळ नाहीत. १८१६ साली पान एप्रिलच्या उत्तरार्धात फुटले. तंबोरा ज्वालामुखीच्या राखेने युरोपचा उन्हाळा ज्या वर्षी बुडवला, आणि सततच्या पावसामुळे सरोवराकाठच्या एका घरात कोंडून पडलेल्या मेरी शेलीने ज्या वर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहावयास घेतली, तेच हे वर्ष. पुढे विसाव्या शतकात तारखा हळूहळू मार्चच्या आरंभाकडे आणि फेब्रुवारीकडे सरकत गेल्या, आणि शेवटी २००२ साली झाडाने कमाल केली: २९ डिसेंबरलाच पान काढले, आणि २००३ चा वसंत २००२ मध्येच जमा करण्याची पाळी दफ्तरावर आली. येथवरची कथा सोपी आहे. हवा तापत गेली, झाडे लवकर फुटू लागली. गंमत पुढे आहे. त्यानंतरच्या वर्षांत हवा तर आणखीच तापली, आणि झाडाच्या तारखा मात्र पुन्हा उशिराकडे झुकू लागल्या.

हे असे का व्हावे, याचा उलगडा होण्यासाठी कळीच्या अंतःकरणात डोकावले पाहिजे. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठू लागल्या की शीत प्रदेशातील वृक्षांची कळी गाढ सुप्तावस्थेत जाते. तिच्यातील पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाटा एका प्रकारच्या शर्करामय द्रव्याने बुजवल्या जातात आणि बाहेरचा निरोप आत पोहोचणे बंद होते. नोव्हेंबरात अशी एखादी डहाळी तोडून उबदार खोलीत पाण्यात ठेवली तर ती आठवडेच्या आठवडे ढिम्म राहते. तीच डहाळी फेब्रुवारीत तोडून आणली तर थोड्याच दिवसांत पाने काढते. खोली तीच, पाणी तेच, ऊबही तीच. मधल्या काळात तिने थंडी भोगलेली असते एवढाच फरक. शून्य ते सात अंशांच्या आसपासची, न गोठवणारी, दीर्घकाळ टिकणारी थंडी त्या बुजलेल्या वाटा मोकळ्या करते. कडाक्याचा हिमपात या कामी फारसा उपयोगी पडत नाही, आणि ऐन हिवाळ्यात मध्येच आलेली ऊब केलेल्या कामावर पाणी फिरवू शकते. म्हणून फळबागांचे जाणकार ७.२ अंशांखालचे तास मोजतात. सफरचंदाच्या पुष्कळ जातींना असे हजाराच्या घरातले तास लागतात.

थंडीचे हे देणे चुकते झाले की मग उबेचे खाते उघडते. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७३५ साली अशी कल्पना मांडली की वनस्पतीची वाढ ही रोजच्या उष्णतेच्या अंशांची बेरीज एका ठरावीक आकड्याला पोहोचली की पुढचा टप्पा गाठते. आजही सारी गणिते थोड्याफार फेरफाराने याच बेरजेवर चालतात. कळी, थोडक्यात, एका सचोटीच्या कारकुनासारखी दोन खतावण्या बाळगते, आणि पहिल्या खतावणीत थंडीची रक्कम पुरती जमा झाल्यावाचून दुसऱ्या खतावणीतल्या उबेचा ती पूर्ण मोबदला देत नाही. हवामान तापले की दुसरे खाते भरभर भरते; परंतु हिवाळाच सौम्य झाला तर पहिल्यात तूट पडते, आणि तुटीची भरपाई म्हणून पुष्कळ जादा ऊब ओतावी लागते. युरोपभरच्या नोंदी एकत्र करून २०१५ साली संशोधकांनी असे दाखवले की १९८० ते १९९४ या काळात तापमान एका अंशाने वाढले तर वृक्षांची पाने सरासरी चार दिवस आधी फुटत. १९९९ ते २०१३ या काळात तेवढ्याच वाढीने ती जेमतेम २.३ दिवस आधी फुटू लागली. ज्या वृक्षजातींवरून हा निष्कर्ष काढला त्यांत आमचा हॉर्स-चेस्टनटही होता.

ला त्रेयच्या पायथ्याशी बास्तियाँ नावाचे उद्यान आहे. तेथे १८१७ साली ओगुस्तँ-पिराम द कांदोल या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने जिनिव्हाचे वनस्पतिउद्यान स्थापले. त्याचा मुलगा अल्फोन्स याने पुढे उष्णतेच्या बेरजांचा प्रश्न हाती घेऊन त्यावर पुष्कळ खल केला. वर सरकारी हुद्देदार तारीख लिहीत आहे आणि खाली बापलेक तिचे कारण शोधत आहेत, असा हा एकाच टेकडीवरचा योग. अर्थात एका शहरातल्या एका झाडाची साक्ष जपूनच घेतली पाहिजे. सभोवतालचे डांबर, दगडी घरे, धुरांडी यांची ऊब त्याच्या मुळाशी आहे. तरुण झाड आणि वृद्ध झाड एकाच हवेत सारखे वागत नाहीत. आणि पान ‘उलगडले’ म्हणजे किती उलगडले, याबद्दल एका सोतिएचे मत दुसऱ्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. स्विस हवामानखाते ही नोंद मोठ्या आदराने जपते, आणि तिच्यावर भिस्त ठेवताना या तिन्ही गोष्टींची आठवणही करून देते. ही सावधगिरी मला फार आवडली.

एप्रिल लागल्यावर भाचीच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने आम्ही रोन नदीच्या वरच्या खोऱ्यात, व्हाले परगण्यातील साक्सों या गावी गेलो. दोन्ही अंगांना हिमाच्छादित पर्वत आणि मधल्या सपाट पट्टीत जर्दाळूच्या बागा. जर्दाळूचे झाड पानांआधी फुले काढते. आम्ही पोहोचलो तेव्हा सारी पट्टी फिकट गुलाबी झाली होती, आणि मार्चअखेरच्या उन्हाने बागा नेहमीपेक्षा पुढे गेल्या असल्यामुळे मालकांचे चेहरे मात्र उतरले होते. माळ्याचा हा तर्क शहरी माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. मिटलेली कळी शून्याखालच्या पुष्कळ अंशांची थंडी बिनतक्रार सोसते; फुलली की शून्याखालच्या दोनतीन अंशांनी तिचा घात होतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये, विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या सुमारास, याच खोऱ्यात असा हिमदंश झाला की जर्दाळू आणि द्राक्ष दोन्ही होरपळून गेली. त्या वर्षीचा मार्चही उबदारच होता.

आम्ही तेथे असतानाच एका सायंकाळी वारा पडला, आकाश काचेसारखे स्वच्छ झाले आणि बागेच्या मालकाने जेवताना दोनदा उठून बाहेरचा तापमापक पाहिला. रात्री अडीचच्या सुमारास त्याने आम्हाला उठवले. खांबांवरचे फवारे सुरू झाले होते. अंधारात टक्-टक् असा एकसारखा आवाज, आणि हातातल्या दिव्याच्या उजेडात दिसणारे अद्भुत: पाण्याचा प्रत्येक तुषार फांदीवर पडता पडता गोठत होता आणि फुलांवर बर्फाचे पातळ कवच चढत होते. गोठण्यापासून वाचवायचे म्हणून फूल बर्फात घालायचे, हा उपाय ऐकणाऱ्याला वेडगळ वाटेल. परंतु पाण्याचा एक ग्रॅम गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतो, आणि पाणी सतत पडत व सतत गोठत राहिले तर कवचाच्या आतले फूल शून्य अंशाच्या खाली उतरत नाही. एकच अट: एकदा सुरू केलेले पाणी सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत थांबवायचे नाही, कारण थांबले की ओल्या कवचावरून वाफ उडू लागते आणि ती फुलाची ऊब ओढून नेते. म्हणजे ज्याच्या विहिरीचे किंवा पंपाचे पाणी पहाटे चारला संपले, तो पंप न लावणाऱ्यापेक्षा वाईट अवस्थेत. विजेच्या भारनियमनाशी ज्यांची गाठ आहे अशा आम्हा लोकांना ही अट समजावून सांगावी लागत नाही.

उजाडले तेव्हा गुलाबी बाग पारदर्शक झाली होती. प्रत्येक फूल, त्याचे केसरसुद्धा, बर्फाच्या आत स्वच्छ दिसत होते, आणि फांद्या भाराने वाकून कुठे कुठे मोडल्याही होत्या. मालकाने एका फुलावरचे कवच नखाने फोडले, फूल उभे चिरून आतला बीजकोश पाहिला, हिरवा होता. काळा पडला असता तर फळ गेले. तो म्हणाला, आणि भाचीने मला मराठीत सांगितले, ‘आमचा बाप हिवाळ्याला भीत असे, मी मार्चला भितो.’ मग तो कॉफी पिण्यासाठी आत गेला आणि बाकावर बसल्या बसल्या झोपी गेला.

परतीच्या वाटेवर व्हेव्हे या गावाहून दातेरी रुळांची एक छोटी आगगाडी ले प्लेयाद नावाच्या डोंगरमाथ्यावर जाते, तिच्यात आम्ही महिनाअखेरच्या सुमारास बसलो. सरोवराकाठी ३८० मीटर, माथ्याशी तेराशेहून अधिक. तासाभराच्या आत ही गाडी वसंतातून उलटी हिवाळ्यात नेऊन सोडते. खाली बीच वृक्षांची पाने रेशमी कडांसह नुकतीच उलगडत होती, मध्यावर त्याच जातीच्या कळ्या टोकदार आणि तांबूस, बंदच्या बंद. माथ्यावर सावलीत बर्फाचे तुकडे. १९६० च्या दशकात आल्प्समध्ये दर हजार मीटरांच्या चढाला पानांचा मोसम सुमारे ३४ दिवस मागे पडत असे, असे स्विस नोंदी सांगतात. आता हे अंतर सुमारे २२ दिवसांवर आले आहे. वरच्या झाडांना थंडीची ददात नाही, म्हणून ऊब वाढताच ती लवकर फुटतात. खालच्यांना ती हळूहळू अपुरी पडू लागली आहे, म्हणून ती रेंगाळतात. बीच तर अधिकच सावध: केवळ उबेला न भुलता दिवस पुरेसा मोठा झाला आहे की नाही हेही तो पाहतो. आपल्याकडच्या कुलूतील सफरचंदाच्या बागाही याच कारणाने खोऱ्याच्या तळातून वर किन्नौर-लाहौलकडे सरकल्या आहेत.

व्हेव्हेपासून लोझानपर्यंत सरोवराच्या उत्तर काठाने लाव्होच्या द्राक्षबागा पसरल्या आहेत. बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी हे उभे उतार फोडून दगडी ताली रचल्या, त्यांवर मातीची टोपली-टोपली चढवली, आणि आज सुमारे ८०० हेक्टरांचा तो सारा जिना २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. येथे तीन सूर्य तळपतात असे लोक म्हणतात: एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यातून परावर्तित होणारा, आणि तिसरा दिवसभर तापून रात्री ऊब सोडणाऱ्या दगडी भिंतींचा. शास्ला ही पांढऱ्या द्राक्षाची जात येथली मानकरी. वेली आमच्यासारख्या मांडवावर नव्हेत. गुडघ्या-मांडीएवढ्या ठेंगण्या, ताठ, एकेकटीला खुंट आणि तार.

एपेसजवळ एका पन्नाशीच्या बागाईतदारीण बाईंनी आम्हाला आपल्या तालींवरून फिरवले. मी पहिल्याच वेलीशी वाकलो आणि उठेना, तेव्हा त्या हसल्या. डोळे फुटण्याच्या साऱ्या पायऱ्या एकाच तालीवर हजर होत्या: भिंतीपासून दूरच्या वेलीवर अद्याप लवेत गुंडाळलेला, कापसासारखा फुगलेला डोळा, मधल्या वेलीवर त्या कापसातून डोकावणारे हिरवे टोक, आणि भिंतीलगत दोन चिमुकली, गुलाबी कडांची पाने सोडलेला फुटवा. ज्याला आम्ही निफाडकर पोंगा म्हणतो ती अवस्था अगदी तीच. या पायऱ्यांना क्रमाने अक्षरे देणारे कोष्टक मार्को बाज्जोलिनी या स्विस शास्त्रज्ञाने १९५२ साली याच फ्रेंचभाषी मुलखात प्रसिद्ध केले, आणि ते जगभर वापरले जाते. बाई ‘ब’ आणि ‘क’ अशी अक्षरे उच्चारीतच वेली दाखवीत होत्या. त्यांच्या बागेपासून थोड्या अंतरावर पुई येथील सरकारी प्रयोगक्षेत्रात १९२५ पासून शास्लाचे डोळे फुटण्याची, फुलोऱ्याची आणि पाणी भरण्याची तारीख दरसाल लिहिली जाते. बाईंच्या घरीही तळघरातल्या जमाखर्चाच्या वहीत आजोबांच्या हातच्या अशा तारखा होत्या. जुन्या वह्यांतले डोळे मे महिन्याच्या तोंडावर फुटलेले; अलीकडचे बहुधा एप्रिलच्या मध्याला.

द्राक्षवेलीची थंडीची गरज थोडी असते आणि युरोपच्या हिवाळ्यात ती नाताळापूर्वीच पुरी होऊन जाते. मग उरतो तो केवळ उबेचा हिशेब, म्हणून वेल तापमानवाढीला जवळजवळ बिनशर्त वश होते आणि हिमदंशाच्या तारखांत जाऊन सापडते. आमची अवस्था याच्या उलट टोकाची. नाशिक जिल्ह्यात वेलीला मुळी हिवाळी विश्रांतीच नाही. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन काडी तयार करतो, त्याच उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांत घडनिर्मिती होते, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून तो डोळा फोडतो. त्या सुमारास वेलीने थंडीचा एक तासही पाहिलेला नसतो. तसेच सोडले तर शेंड्याचे डोळे आधी फुटतात, खालचे निजून राहतात, आणि बाग एकसारखी येत नाही. म्हणून छाटणीच्या पाठोपाठ काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्ट लावायचे. हिवाळ्याने महिनोन्‌महिने जे करावे ते हे द्रव्य आठदहा दिवसांत करते. त्यातही ऑक्टोबर उकाड्याचा असला तर पोंगा झटपट येतो, आणि छाटणी लांबून नोव्हेंबरच्या गार रात्रींत अडकली तर माणसे रोज काड्या मोजत बसतात.

हे मी बाईंना मोबाइलमधल्या छायाचित्रांसह समजावून सांगितले. मजूर एका हाताने काडी धरून दुसऱ्या हाताने डोळ्यान्‌डोळ्याला पेस्ट लावीत आहेत, हे पाहून त्यांना मोठे नवल वाटले. ‘आणि हे औषध हाताळणाऱ्याने त्या दिवसांत दारूला स्पर्श करायचा नसतो,’ असे मी पुढे म्हणालो. सायनामाइड शरीरात गेले असता मद्याचे विघटन अर्ध्यावर अडते आणि माणूस घाबराघुबरा होतो, हे खरेच आहे. भाचीने भाषांतर पुरे करताच बाईंनी हातातला पेला माझ्यापासून दूर सरकवण्याचा अभिनय केला आणि म्हणाल्या, असे औषध लाव्होत एकही माणूस लावणार नाही.

त्यांच्या त्या वहीने मात्र मला अस्वस्थ केले. आमच्या तालुक्यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत द्राक्षबागाइतांनी जेवढ्या रोजनिशा लिहिल्या असतील तेवढ्या क्वचितच दुसऱ्या कोणा शेतकऱ्यांनी लिहिल्या असतील: कोणत्या तारखेस छाटणी, कधी पेस्ट, कितव्या दिवशी पोंगा, कोणत्या रात्री पारा किती उतरला, केव्हा कोणती फवारणी. निर्यातीच्या बागांना तर फवारणीची नोंद सक्तीचीच आहे. हंगाम संपला की या वह्या माळ्यावर जातात आणि घराची रंगरंगोटी निघाली की रद्दीत. जिनिव्हाच्या एका झाडाच्या दोनशे तारखांवर शास्त्रज्ञ इतका काथ्याकूट करतात, तर हजारो बागांच्या या नोंदींतून दख्खनच्या बदलत्या ऑक्टोबरबद्दल किती कळेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ज्यांच्या घरी अशा जुन्या वह्या असतील त्यांनी त्या कृपा करून विकू नयेत. आपल्या मुलामुलींकडून त्यांतील तारखा उतरवून घ्याव्यात, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे अथवा जवळच्या कृषी महाविद्यालयाकडे त्यांची एक प्रत पोहोचवावी. छाटणीची तारीख, पेस्टची तारीख, पोंग्याची तारीख आणि त्या आठवड्यातले पहाटेचे तापमान, एवढ्या चार रकान्यांनी काम भागते.